पदवीनंतरची शाळा

गेल्या पौषात ठिबक सिंचनाच्या अनुदानाचे कागद घेऊन एका शेतकऱ्याच्या घरी गेलो होतो. सह्या झाल्या, चहा झाला. मी उठू लागलो तसे घरधनी म्हणाले, "साहेब, जरा बसा. एक सल्ला पाहिजे. शेतीचा न्हाई, पोरीचा."

थोरली मुलगी आयुर्वेदाची पदवी घेऊन वर्षभर तालुक्याच्या एका दवाखान्यात काम करीत होती. तिच्या मनाने घेतले होते की चीनला जावे आणि तिथली जुनी वैद्यकविद्या व सुया टोचण्याचा उपचार, म्हणजे ॲक्युपंक्चर, यांचे वरचे शिक्षण घ्यावे. खर्चासाठी विहिरीकडचा एकर विकावा लागेल, असा घरात हिशेब चालला होता. आजी चुलीपुढून बोलल्या, "डाक्टर झाली न्हवं? मग आनी कसली शाळा? आन् ते बी जुन्या वैदूगिरीची? आपल्याकडं काय वैदू कमी हायेत?"

मुलगी माझ्याकडे पाहून म्हणाली, "काका, तुम्ही तरी सांगा ना यांना."

मी आपला शेतीचा माणूस. बी.एस्सी. ॲग्री. होऊन खात्यात लागलो, त्यातच केस पांढरे झाले. चिनी वैद्यकाचे मला काय कळणार? पण आजींचा प्रश्न मात्र खरा होता. पदवी मिळाल्यावर माणसाने पुन्हा शाळेत का बसावे, आणि तेही जुने शिकायला? "आठ दिवस द्या, वाचून येतो," म्हटले आणि निघालो. जे वाचले ते त्या घरापुरते ठेवण्याजोगे वाटले नाही, म्हणून आपणापुढे मांडतो आहे.

कांस्याचा माणूस आणि मेणाचा लेप

चिनी वैद्यकाचे जुने ग्रंथ दोन हजार वर्षांच्या घरातले. निदान करताना तिथला वैद्य रोग्याची जीभ बघतो आणि मनगटावर तीन बोटे ठेवून नाडी पाहतो. हे आपल्या वैद्यांसारखेच. औषधे मुख्यतः झाडपाल्याची. ली शिझेन नावाच्या वैद्याचा औषधींचा मोठा ग्रंथ १५९६ साली छापला गेला. त्यात सुमारे एकोणीसशे औषधी द्रव्यांची माहिती आहे.

सुयांच्या उपचारात शरीरावरची ठरावीक ठिकाणे शिकावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने नावे ठरवून दिलेली अशी ३६१ ठिकाणे आहेत. ती विद्यार्थ्याच्या बोटात कशी बसवायची? वांग वेइयी नावाच्या राजवैद्याने १०२७ साली पुरुषभर उंचीचे दोन कांस्याचे पुतळे ओतवून घेतले. पुतळ्याच्या अंगावर प्रत्येक ठिकाणी बारीक भोक. परीक्षेच्या वेळी वरून मेणाचा लेप द्यायचा आणि आत पाणी भरायचे. विद्यार्थ्याची सुई बरोबर ठिकाणी गेली की पाणी बाहेर येई, चुकली तर सुई आत शिरतच नसे. परीक्षा कशी, तर अशी!

विसाव्या शतकात या विद्येला कॉलेजे मिळाली. १९५५ साली पेकिंगमध्ये, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, चिनी वैद्यकाची संशोधन अकादमी निघाली. १९५६ साली बीजिंग, शांघाय, ग्वांगझू आणि चेंगदू या चार शहरांत चिनी वैद्यकाची कॉलेजे सुरू झाली. पदव्युत्तर शिक्षणाची घडी १९७८ पासून बसली. आज तिथे पदवीला पाच वर्षे, त्यावर मास्टरच्या पदवीला तीन आणि डॉक्टरेटला आणखी सुमारे तीन वर्षे लागतात. मास्टरचा विद्यार्थी एका गुरूच्या हाताखाली असतो. जुने ग्रंथ मूळ चिनीतून वाचायचे, गुरूबरोबर रोगी तपासायचे आणि शेवटी एका विषयावर प्रबंध लिहायचा. रोगी तपासण्याकडे ज्यांचा ओढा असतो त्यांचा बराच काळ इस्पितळात जातो.

डॉक्टरांना पुन्हा बाकावर बसवले

आता आजींच्या प्रश्नाकडे येतो. १९५० नंतर चीन सरकारपुढे मोठी अडचण होती. माणसे कोट्यवधी आणि नव्या पद्धतीचे डॉक्टर मूठभर. खेड्यापाड्यांत जुने वैद्यच लोकांचा आधार. जुने टाकून द्यावे तर खेडी उघडी पडतात, जसेच्या तसे ठेवावे तर खरे-खोटे कळत नाही. तेव्हा त्यांनी एक वेगळा वर्ग काढला. ज्यांच्याकडे आधुनिक वैद्यकाची किंवा औषधशास्त्राची पदवी आहे, अशांनाच निवडायचे, नोकरीतून मोकळे करायचे आणि सुमारे अडीच वर्षे पूर्णवेळ जुने वैद्यक शिकवायचे.

१९५९ साली अशा एका वर्गात एक बाई दाखल झाल्या. वय अठ्ठावीस. नाव तू यूयू. चिनी लोक आडनाव आधी लावतात, तेव्हा 'तू' हे आडनाव समजावे. आपण त्यांना यूयूबाई म्हणू. जन्म १९३० चा, निंगबो गावचा. सोळाव्या वर्षी क्षयाने गाठले आणि दोन वर्षे शाळा सुटली. त्या आजारपणातच औषधांचे शास्त्र शिकायचे मनात आले. १९५५ साली बीजिंगच्या वैद्यकीय कॉलेजातून औषधशास्त्राची पदवी घेऊन त्या अकादमीत कामाला लागल्या.

१९५९ ते १९६२ अशी अडीच वर्षे त्यांनी जुने ग्रंथ वाचले. पण मला महत्त्वाची वाटली ती दुसरीच गोष्ट. जुन्या औषधवाल्यांकडे बसून त्या वनस्पती कशा सुकवायच्या, भाजायच्या, भिजवायच्या, कशात काय मिसळायचे हे हाताने शिकल्या. पदवीधर बाई म्हाताऱ्या औषधवाल्यासमोर बसून पाला निवडते आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणा.

हिवतापाची मोहीम

१९६० नंतर व्हिएतनामच्या लढाईत सैनिक गोळीपेक्षा हिवतापानेच अधिक आडवे होऊ लागले. क्लोरोक्विनच्या गोळ्यांना रोगजंतू दाद देईनात. व्हिएतनामने चीनकडे मदत मागितली. २३ मे १९६७ रोजी चीनने गुप्त मोहीम उघडली आणि त्या तारखेवरूनच तिला '५२३' असे नाव पडले. १९६९ च्या आरंभी अकादमीतील एका गटाचे काम यूयूबाईंकडे आले. जुने आणि नवे, दोन्ही जाणणारी म्हणून त्यांची निवड झाली.

तो काळ चीनमध्ये धामधुमीचा होता. शिकलेल्यांना शेतावर आणि छावण्यांत धाडले जात होते. बाईंचे पतीही असेच दूर पाठवलेले. बाईंना हिवतापाच्या मुलखात, दक्षिणेच्या हैनान बेटावर जायचे होते. चार वर्षांची थोरली मुलगी बालवाडीतच राहायला ठेवली आणि धाकटी निंगबोला आजी-आजोबांकडे पाठवली. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या आयांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

त्यांनी जुन्या पोथ्या चाळल्या, वैद्यांना भेटल्या आणि दोन हजारांहून अधिक पाठ गोळा केले. त्यांतून ६४० निवडून वही केली. सुमारे दोनशे वनस्पतींचे ३८० च्या वर अर्क काढून हिवताप झालेल्या उंदरांवर पाहिले. 'छिंगहाव' नावाच्या वनस्पतीने एकदा ६८ टक्के गुण दाखवला. पुन्हा करून पाहिले तर कधी १२ टक्के, कधी ४०. दुसरा कोणी असता तर नाव खोडून पुढे गेला असता.

बाई पुन्हा पोथीकडे वळल्या. गे होंग नावाच्या चौथ्या शतकातल्या वैद्याने अडीअडचणीच्या औषधांचे एक पुस्तक लिहिले होते. त्यात तापावर छिंगहाव सांगितले होते, पण काढा करून नव्हे. मूठभर पाला पाण्यात भिजवायचा, पिळायचा आणि तो रस प्यायचा. बाई तिथे थांबल्या. बाकी बहुतेक औषधे उकळून घ्यायची, मग इथे विस्तव का नाही? उष्णतेने गुण मरत तर नसेल?

मग त्यांनी ईथर वापरले. ईथर पस्तीस अंशालाच उकळते, त्यामुळे फार न तापवता अर्क निघतो. खोडात गुण नाही, पानात आहे, हे कळले. छिंगहाव या नावाखाली बाजारात येणाऱ्या वनस्पतींपैकी एकाच जातीत औषध आहे, हेही कळले. बीजिंगकडच्या पाल्यात द्रव्य थोडे आणि सेचुआनच्या पाल्यात जास्त. कापणी कधी केली त्यानेही फरक पडे. शेतकरी बंधूंनो, जात, जमीन, कापणीचा हंगाम आणि काढणीनंतरची प्रक्रिया, हे तर आपलेच रोजचे विषय! ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या अर्काने उंदरांतला हिवताप शंभर टक्के हटवला.

कारखाने बंद होते, म्हणून घरगुती रांजणांत पाला भिजवला. ईथरच्या वाफेने माणसे आजारी पडली आणि बाईंच्याही यकृताला बाधा झाली. १९७२ साली रोग्यांना देण्याआधी बाईंनी आणि दोन सहकाऱ्यांनी तो अर्क स्वतः घेऊन पाहिला. मग हैनानमध्ये २१ रोग्यांना दिला, आणि ताप उतरले. त्याच वर्षी शुद्ध द्रव्य स्फटिकरूपात हाती आले. त्याला आज आर्टेमिसिनिन म्हणतात. पुढचे काम एकट्या बाईंचे नव्हते. युन्नान, शांडोंग आणि इतर ठिकाणच्या अनेकांनी ते पुरे केले. १९७७ साली पहिला लेख छापला गेला, त्यावर एकाही माणसाचे नाव नव्हते.

२०१५ साली यूयूबाईंना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्याकडे डॉक्टरेट नाही आणि परदेशातले शिक्षणही नाही. वरचे शिक्षण म्हणाल तर तीच अडीच वर्षांची शाळा. पारितोषिकाचा दुसरा अर्धा भाग ज्या दोघांना मिळाला, त्यांच्या कामातून आयव्हरमेक्टिन आले. तेच औषध, जे आपण गोचीड आणि जंतांसाठी जनावरांना टोचून घेतो.

आमच्या आईची कणगी

हे वाचताना मला माझीच गोष्ट आठवली. मी नवा नवा पदवीधर होऊन घरी गेलो, तेव्हा आई धान्याच्या कणगीत कडुलिंबाचा पाला घालत होती. मी हसलो आणि म्हणालो, "आई, पाल्याने कुठे किडे जातात?" ती काही बोलली नाही, पाला घालत राहिली. काही वर्षांनी खात्याच्या प्रशिक्षणात मला निंबोळीतल्या ॲझाडिरॅक्टिनवर धडा मिळाला. आज मीच गावोगाव ५ टक्के निंबोळी अर्क शिकवीत फिरतो. पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून पिळा आणि शंभर लिटर करा. उकळू नका, ताजाच वापरा, आणि फवारणी संध्याकाळी करा. कारण उष्णतेने आणि उन्हाने त्याचा गुण जातो. गे होंगच्या पाल्याचेही तेच मर्म होते.

मात्र आईचे सगळेच खरे ठरले असे नाही. अमावास्येला पेरू नये म्हणायची. त्याला आधार सापडला नाही, ते सोडले. पोथीतले सगळे सोने नसते. चाळणी लावावी लागते, आणि चाळणी लावायला आधी धान्य हातात घ्यावे लागते. यूयूबाईंनी ६४० पाठ लिहून काढले, त्यांतला एक जगाला उपयोगी पडला. बाकीच्यांनाही त्यांनी भोळेपणाने खरे म्हटले नाही की न तपासता खोटे म्हटले नाही.

सुयांचे काय?

तीच चाळणी ॲक्युपंक्चरला लावू. पाठीचे जुने दुखणे, गुडघेदुखी, डोकेदुखी, शस्त्रक्रियेनंतरची मळमळ यांत काहींना सुयांनी आराम पडतो, असे तपासण्यांत दिसले आहे. पण काही रोग्यांना मुद्दाम चुकीच्या ठिकाणी किंवा खोट्या सुया लावून पाहिले, तेव्हा त्यांनाही बराच आराम पडला. खऱ्या-खोट्यातला फरक पुष्कळदा थोडाच निघाला. ग्रंथात सांगितलेल्या शक्तीच्या वाहिन्या शरीर उघडून पाहणाऱ्यांना सापडलेल्या नाहीत. म्हणून दुखण्याला जोडउपचार म्हणून ठीक. पण छातीत कळ, न भरणारी जखम, गाठ, लकव्याचा झटका यांसाठी आधी इस्पितळच. आणि सुई नवी, एकदाच वापरायची, पाकीट आपल्यासमोर फोडलेली हवी.

आपल्या मराठी माणसांचा या गोष्टीशी एक धागा आहे. १९३८ साली चीनच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टर गेले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस १९४२ साली तिथेच गेले. त्यांच्याच तुकडीतले बंगालचे डॉ. बिजयकुमार बसू पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि परत येऊन कलकत्त्यात उपचार करू लागले. आपल्या देशात ही विद्या रुजली ती त्यांच्यामुळे. तोही डॉक्टर झाल्यानंतरचाच अभ्यास.

इथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. छिंगहाव ही आपल्या दवण्याच्या कुळातली वनस्पती आहे. जोतिबाला वाहतो तोच दवणा. म्हणून दवण्याचा काढा हिवतापावर घेऊ नका, आणि छिंगहावचा चहाही नको. तापात रक्त तपासून घ्या. जीवघेण्या फाल्सिपेरम हिवतापावर सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या औषधांत या द्रव्याचेच रूप असते, मोजून मापून दिलेले. दुसरे, लागवडीचे. लखनौच्या सीमॅप संस्थेने या पिकाचे 'जीवनरक्षा', 'सीम-आरोग्य' असे वाण काढले आहेत. पण २००५ च्या सुमारास या द्रव्याचा भाव किलोला हजार डॉलरच्या वर गेला, तेव्हा चीन, व्हिएतनाम आणि आफ्रिकेतील शेतकऱ्यांनी लागवड वाढवली. दोनच वर्षांत भाव दोनशेच्या आसपास आला. खरेदीदाराचा लेखी करार हातात असल्याशिवाय एक गुंठाही लावू नका.

आठ दिवसांनी

ठरल्याप्रमाणे आठव्या दिवशी मी त्या घरी गेलो. सगळे ओट्यावर बसले. यूयूबाईंची गोष्ट सांगितली. मुली दूर ठेवाव्या लागल्या हे ऐकून आजींनी पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, "म्हंजी जुनं शिकायचं, पर पारखून घ्यायला."

"अगदी तेच, आजी," मी म्हटले. "पदवीने पारख येते. पारखायला माल लागतो, तो जुन्या माणसांकडे आहे. म्हणून पुन्हा शाळा."

मग मुलीशी बोललो. तिला तीन गोष्टी विचारल्या. पहिली, भाषा येते का? तिथले वरचे शिक्षण बहुतांशी चिनीतून चालते. भाषेची 'एचएसके' नावाची परीक्षा लागते आणि ग्रंथांची जुनी चिनी तर त्याहून अवघड. दुसरी, परत आल्यावर त्या पदवीचे इथे काय? आपल्या राज्यात ॲक्युपंक्चरचा २०१५ चा कायदा आहे आणि नोंदणीसाठी परिषद आहे. केंद्र सरकारनेही २०१९ साली या उपचाराला मान्यता दिली. पण मान्यता सुयांना आहे, चिनी औषधे देण्याला नव्हे. आणि परदेशची कोणती पदवी नोंदणीला चालते, हे जाण्याआधी परिषदेकडून लेखी घ्यावे, एजंटाच्या तोंडी शब्दावर नाही. तिसरी, पैसा. चीन सरकार परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते. पूर्ण शिष्यवृत्तीत फी, राहणे आणि महिन्याचा भत्ता असतो. ती मिळेपर्यंत थांबायची तयारी आहे का?

मुलगी गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, भाषेचं मी गंभीरपणे धरलंच नव्हतं. एजंट म्हणाला, तिथे गेल्यावर येते."

"पोरी, यूयूबाई आपल्या भाषेतल्या पोथ्या वाचत होत्या, म्हणून तो भिजवलेला पाला त्यांच्या नजरेत भरला. भाषांतरावर भागवलंस तर नेमकं तेच निसटेल."

घरधन्यांना मी स्पष्ट सांगितले, "विहिरीकडचा एकर विकू नका. शिकायला अडवू नका, पण जमीन विकून पाठवूही नका. वर्षभर तिला चिनी शिकू द्या. परिषदेचं उत्तर येऊ द्या. शिष्यवृत्ती मिळाली तर मानानं पाठवा. नाही मिळाली तर आपल्याकडं आयुर्वेदातलं तीन वर्षांचं एम.डी. आहे. तिथंही जुने ग्रंथ आहेत, आणि पारखायचं काम तर ढीगभर पडलं आहे."

घरधनी बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिले. "साहेब, गिऱ्हाईक आलं होतं. उद्या नाही म्हणून कळवतो," म्हणाले.

परिषदेला पत्र गेले आहे. मुलगी दवाखाना सांभाळून रोज पहाटे चिनी अक्षरे गिरवते, असे परवा कळले. आजी तिच्या शेजारी दिवा धरून बसतात म्हणे.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळ घरांत आता पहिली पदवी आली आहे. आनंदाची गोष्ट आहे. पण पदवीच्या कागदाला चौकट करून भिंतीवर टांगले की शिकणे संपले असे समजू नका. पदवीधर मुलांना आजी-आजोबांजवळ बसवा, त्यांना काय काय ठाऊक आहे ते वहीत उतरवून घ्यायला सांगा. मग एकेक गोष्ट तपासून पाहू द्या. टिकेल ते ठेवा, न टिकेल ते सोडा. आणि या कामासाठी एकर विकावा लागत नाही.